आपलीच गाडी ने

बाळा,

मंगळवारी गॅरेजवाला मेस्त्री दारात येऊन "वहिनींची गाडी वळणावरून खाली गेली" एवढंच म्हणाला, तेव्हापासून माझं डोकं एकाच गोष्टीत अडकलंय. मामाने आणलेली पिकअप घेऊन आज खाणीवर पाणी पोचवायला जाऊ नकोस. तुझ्या पाया पडतो.

आपल्या गाडीत चारही चाकांना कायम जोर असतो. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांना कमीजास्त फिरता यावं म्हणून मधे डिफरन्शियल आहे. त्यामुळे आईला फोर-व्हीलच्या लीव्हरला हात लावायची सवयच नव्हती. आपली गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून तिने त्या दिवशी मामाची नेली. त्याच्या गाडीत मधलं डिफरन्शियल नाही. लीव्हर टाकला की पुढचं-मागचं एकत्र जखडतं. चिखलात चाकं घसरून भागवून घेतात, पण कोरड्या डांबरावर गाडी वळायला मागत नाही. तिथे लीव्हर काढावाच लागतो. चिखलात टाकलेला तो तिने काढला नव्हता.

मामा म्हणेल, "फोर-व्हील ती फोर-व्हील, दाजी उगाच घाबरतात." म्हणू दे. त्याने काल तुझ्यासाठी तशीच दुसरी पिकअप आणून लावली, ती मी परत द्यायला चाललोय, लीव्हर काढून, दोनच चाकांच्या जोरावर, सावकाश. माझ्यावर रागाव, पण ऐक. मला आता तू एकटीच आहेस.

आपली गाडी दुरुस्त होऊन अंगणात उभी आहे. सीट अजून आईच्या उंचीला पुढे ओढलेली आहे, तुझे गुडघे अडकतील. मागे सरकवायला मी दोनदा जाऊन बसलो, पण ते राहिलंय.

बाबा