ऑरिनचं माप

७ ऑगस्ट २०१०, शनिवार

...कोंबड्यांना दाणे टाकून, अकरा अंडी घेऊन मी आत आले, तर माझ्या भांड्यांच्या टबात, गरम साबणाच्या पाण्यात, नवऱ्याचं, ऑरिनचं, रिव्हॉल्व्हर बुडालेलं. ठासणीचं, बंदुकीची सुटी दारू ठासून भरायचं रिव्हॉल्व्हर उडवून झालं की असंच धुवावं लागतं, नाहीतर गंजतं. हे मला चाळीस वर्षं माहीत होतं आणि चाळीस वर्षं मी त्यावरून भांडत होते. सडक्या अंड्यांसारखा वास. या टबातल्या ताटांत जेवायचं कुणी, मी विचारलं. तो म्हणाला, मी जेवतो, तू नुसती धू. मग ते सुकायला ओव्हनमध्ये ठेवून तो टपालपेटीचा खांब सरळ करायला गेला. रिव्हॉल्व्हर सुकलं. तो खांबापाशी मरून पडलेला सापडला. ही मार्चची गोष्ट.

आज आठवायचं कारण डेल्बर्ट, माझा धाकटा दीर. ॲपल पायचे दोन तुकडे खाऊन म्हणाला, वहिनी, ते रिव्हॉल्व्हर कपाटात सडेल. मला द्या, मी चालवीन. मी म्हटलं, मीच चालवीन. तो हसला. हसला म्हणून पैज लावली. १६ ऑक्टोबरला नेमबाजी क्लबची स्पर्धा. पंचवीस यार्डांवरून पाच गोळ्या. तीन काळ्या वर्तुळात लागल्या तर रिव्हॉल्व्हर माझं, नाहीतर त्याचं.

दहा आठवडे आहेत. पुष्कळ झाले.

१० ऑगस्ट

नेमबाजी म्हणजे दुसरं काही नाही, दारूचं माप. बरोबर माप सापडलं की गोळी आपली आपण जाते. ऑरिनच्या वहीत दर शनिवारची नोंद आहे. वारा किती, ऊन किती, गुण किती. दारूच्या रकान्यात एकच शब्द: नेहमीइतकी. चाळीस वर्षं नेहमीइतकी. नवरा बायकोपासून काय लपवील सांगता येत नाही.

वाचनालयातून चार पुस्तकं आणली. चारही लेखकांचं एकमेकांशी पटत नाही, पण प्रत्येकाला खात्री आहे. मला या लोकांत घरच्यासारखं वाटलं.

पद्धत ठरवली: पंधरा ग्रेन, म्हणजे जेमतेम ग्रॅमभर दारूपासून सुरुवात, हळूहळू वाढ. शास्त्र. भावना मध्ये आणायच्या नाहीत.

१४ ऑगस्ट

पंधरा ग्रेन. कागद कोरा. दारू कमी पडली. हे अपेक्षितच होतं.

क्लबच्या मैदानावर देखरेख करणारी ट्विला म्हणाली, अगं वेल्डा, आधी डोळे उघडे ठेव. मी सांगितलं, उघडेच होते. बिचारीला मोतीबिंदू आहे.

२१ ऑगस्ट

अठरा. कोरा. वारा फार. ट्विला म्हणते झेंडा हललाही नाही. झेंडा दमट असणार.

२८ ऑगस्ट

वीस. प्रगती! शेजारच्या होमरच्या कागदावर सहा भोकं निघाली. तो म्हणाला, मी पाचच उडवल्या, मग हे सहावं भोक कुणाचं पुण्य? आभार मानू की नुकसानभरपाई मागू? मी लक्ष दिलं नाही. म्हणजे उंची बरोबर आहे. फक्त बाजू राहिली.

११ सप्टेंबर

बावीस. एका पुस्तकात आहे की दारू कमी असली तर गोळी कप्प्यात फार खोल बसते, म्हणून वर मक्याचं पीठ भरावं. भरलं. कोरा. पीठ खराब असेल म्हणून उरलेल्याचा ब्रेड केला. उत्तम झाला. म्हणजे पीठ निर्दोष. दोष दारूला ठिणगी देणाऱ्या तांब्याच्या टोप्यांचा. नव्या आणल्या.

१८ सप्टेंबर

पंचवीस. नव्या टोप्या. कोरा. आता उन्हाचा विचार करायला हवा.

२५ सप्टेंबर

तीस. केवढा धूर! पाचही उडवून तशीच उभी राहिले. ट्विलाने दोनदा हाक मारली म्हणे. खाली ठेव आता बाई, संपल्या.

कागद कोरा. तरी हे माप बरं वाटलं. कारण नोंदवण्याची गरज नाही.

२ ऑक्टोबर

फसवणूक. ट्विला म्हणाली, आज मी भरून देते. भरलं, आणि मला न सांगता एका कप्प्याला टोपीच बसवली नाही. तिसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसता खट्. ना आवाज, ना धूर. आणि नळी मात्र सगळ्यांसमोर जमिनीला नमस्कार करून आली. डेल्बर्ट मागे उभा होताच. म्हणाला, वहिनी, निशाण समोर आहे, उंदीर कशाला मारताय?

ट्विला हसली नाही. हळूच म्हणाली, डोळे मिटले होतेस ना?

चापात दोष आहे.

३ ऑक्टोबर

चापात दोष नाही.

धूर यायच्या आधीच मी डोळे मिटून तयार असते. तो वास आला की ऑरिन टबापाशी उभा असतो, बाह्या दुमडलेल्या. दोन सेकंद, फार तर तीन. तीस ग्रेनला चार.

उपाय: डोळे उघडे ठेवणे. सोपं आहे. एवढ्यासाठी आठ आठवडे घालवले याचं हसू येतं. आता फक्त बावीस की तीस ते ठरवायचं.

९ ऑक्टोबर

पाऊस. सराव नाही. गरजही नाही. जिंकल्यावर डेल्बर्टला काय म्हणायचं ते ठरवलं. टोचून बोलायचं नाही. एकदाच, आणि हळू.

१६ ऑक्टोबर

बावीस भरले. हात स्थिर. सगळा क्लब होता.

पहिली गोळी: डोळे उघडे. काळ्यात. अगदी मधे. ट्विला दुर्बीण टाकून ओरडली, लागली गं लागली! होमरने टोपी काढली. डेल्बर्टचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

धूर आला आणि गेला. उघड्या डोळ्यांना त्यात धूरच दिसला, टबापाशी कुणी नाही. पलीकडे कागद, त्यापलीकडे सोयाबीन कापलेलं शेत.

उरलेल्या चार गोळ्या लागल्या नाहीत. वारा होता.

१७ ऑक्टोबर, रविवार

चर्चहून परस्पर डेल्बर्टकडे गेले आणि रिव्हॉल्व्हर त्याच्या टेबलावर ठेवलं. तो काही टोचून बोलला नाही. त्यानेही ठरवलेलं असावं. कॉफी दिली. मग विचारलं, वहिनी, दादा दारू किती भरायचा?

मी बावीस सांगितलं. तीस माझ्यापाशी ठेवले. त्याने लिहून घेतलं. कॉफी संपवून मी घरी आले.