बहात्तर पौंड शिल्लक

३ मार्च, सकाळी ७

आर्डिथनं ट्रेलर घेतला. मला न विचारता. स्वतःची गाडी विकून. सव्वीस फुटी आहे. आत ओटा, पलंग, संडास, सगळा संसार. शेजारच्या आर्लो याडेननं ट्रॅक्टरनं ओढत आणून अंगणात उभा केला. आर्लो मका-सोयाबीन करतो आणि न विचारता सल्ले देतो.

आर्डिथचं म्हणणं असं की, चाळीस वर्षं तू सांगतोस, रिटायर झालो की समुद्र बघायला जाऊ. झालास ना रिटायर, मग चल. तिची बहीण ट्वायला ऑरेगॉनला समुद्राकाठी राहते. ती घर विकून एक जुलैला अॅरिझोनाच्या वाळवंटात चाललीय. त्याआधी पोचायचं. आर्डिथचा सगळा जन्म आयोवात गेला. समुद्र पाहिलेला नाही. ही गोष्ट ती हल्ली रोज जेवताना काढते.

माझ्या छोट्या पिकपला हा ट्रेलर ओढवणार नाही. मोठा ट्रक हवा. हे काम माझं. एकतीस वर्षं काउंटीच्या शाळेत मी पोरांना ड्रायव्हिंग शिकवलं. या गावात स्टिअरिंगला हात लावणारा प्रत्येक जण माझ्या हाताखालून गेलाय. पंधरा तारखेपर्यंत ट्रक दारात.

१५ मार्च

ट्रक नाही. अति घाई संकटात नेई, हे मीच वर्गात फळ्यावर लिहायचो.

२२ मार्च

तक्ता तयार. अकरा ट्रक, चौतीस रकाने. अर्धा टनी, म्हणजे सगळ्यात हलका वर्ग, बाद; ती पोरासोरांची गाडी. खरा प्रश्न पाऊण टनी की एक टनी. आर्लो कुंपणावर वाकून म्हणाला, मास्तर, साधा एक टनी घ्या, कापडी सीटवाला, बिनकौतुकाचा. मी त्याला तक्ता दाखवला. त्यानं तो उलटा धरून बघितला. असल्या माणसाशी काय बोलायचं.

आर्डिथनं ट्रेलरला पडदे शिवले. निळे.

९ एप्रिल

शोरूमला सहावी चक्कर. ब्रेंट नावाचा सेल्समन आहे, माझ्याकडेच शिकला, दुसऱ्या खेपेला पास. फार समजूतदार मुलगा. म्हणाला, मास्तर, हा पाऊण टनी डिझेल अठरा हजार पौंड ओढतो, घर बांधलंत तरी नेईल. आमचा ट्रेलर सामानासकट आठ हजारांचा. म्हणजे दुपटीहून जास्त. सीट उन्हाळ्यात गार होतात, थंडीत गरम. छताला काच. दार उघडलं की पायरी आपोआप खाली येते. पायरीसाठी कोणी ट्रक घेत नाही, हे मला कळतं. पण ती येते छान.

१० एप्रिल

आर्डिथ विचारते, तो ओढतो ना? मी म्हटलं, ओढतो म्हणजे काय. ती म्हणाली, मग घे आणि मला नकाशा बघू दे.

२ मे

घेतला. छोटी पिकप त्यात देऊन टाकली. रंग गडद लाल. तक्त्यात रंगाचा रकाना नव्हता, पण काही गोष्टी अनुभवी माणसाला आतून कळतात.

शेतकरी सोसायटीत धान्याच्या काट्याशेजारी सकाळी कॉफीला बसणारी मंडळी बाहेर येऊन बघून गेली. कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे याहून मोठी दाद नसते. मी तीनदा दार उघडलं, म्हणजे पायरी दिसावी.

९ मे

जादा डिझेलची टाकी बसवून घेतली, मागच्या हौद्यात. साठ गॅलन. वायोमिंगमध्ये मैलोन्मैल पंप नसतात म्हणतात. जनरेटरही घेतला. आर्डिथ म्हणाली, वायोमिंगमध्ये माणसं राहतात व्हर्लिन, ती काय गवतावर गाड्या चालवतात? तिला प्रवासाचा अनुभव नाही.

१६ मे

ट्रेलर जोडून पहिला सराव. पुढे जाताना उत्तम. मागे घेताना आर्लोच्या पत्रपेटीनं त्रास दिला. पेटी रस्त्याच्या फार जवळ लावलेली आहे, हे मी त्याला वीस वर्षं सांगतोय. आता ती तिथे नाही.

१७ मे

पत्रपेटी लावून दिली. पुन्हा सराव. पेटी पुन्हा काढून ठेवली, या वेळी आधीच.

ट्रेलर मागे घेण्याचं शास्त्र उलटं आहे. स्टिअरिंग उजवीकडे, ट्रेलर डावीकडे. मला सिद्धान्त पूर्ण माहीत आहे. तासाभरानं अंगणात कोयत्यासारखा वाकडा होऊन अडकला. आर्डिथ व्हरांड्यातून बघत होती. म्हणाली, हात स्टिअरिंगच्या तळाशी धर, जिकडे ट्रेलर न्यायचा तिकडे हात ने. मी तिला शांतपणे सांगितलं की, मी एकतीस वर्षं घड्याळातल्या दहा-आणि-दोनच्या जागी हात ठेवायला शिकवलंय. ती आत गेली. शेवटी आर्लोनं ट्रॅक्टर आणला.

२५ मे

निघायची तारीख ठरली. दहा जून. आर्डिथनं ट्वायलाला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज जरा कापला. मला वाईट वाटलं, इतकी वर्षं राहून गेलं म्हणून. म्हणून तर सगळं चोख करतोय.

१ जून

सोसायटीच्या काट्यावर वजन केलं. ट्रकचं वेगळं, ट्रेलरचं वेगळं. काट्यावर डेलमर असतो, माझा जुना विद्यार्थी. चिठ्ठी छापली, मग ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडून खांबावर बोट ठेवलं. तिथे एक पिवळं स्टिकर आहे. मी ते पाहिलं होतं. वाचलं नव्हतं. त्यात लिहिलंय की, या गाडीत माणसं आणि सामान मिळून दोन हजार दहा पौंडांच्या वर जाता कामा नये.

मी म्हटलं, हा अठरा हजार ओढतो. डेलमर म्हणाला, मास्तर, ओढायचं वेगळं, अंगावर घ्यायचं वेगळं. ट्रेलरची दांडी ट्रकच्या पाठीवर टेकते, तो भार अंगावरचा. काचेचं छत, गार होणाऱ्या सीटा, पायरी, हे सगळं ट्रकनं आधीच खाल्लंय, तुमच्यासाठी उरलं ते या स्टिकरवर. कॉफीवाले सगळे ऐकत होते. आर्लो म्हणाला, नाकापेक्षा मोती जड.

आयोवात काही गोष्टी चारचौघांत बोलत नाहीत. काट्यावरचा आकडा त्यातला एक.

२ जून, पहाटे ५

हिशोब मांडला. ट्रेलरच्या दांडीचा भार एक हजार चाळीस. जोडणीचा हुक नव्वद. टाकी डिझेलसकट साडेचारशे. जनरेटर एकशे दहा. मी दोनशे अठ्ठेचाळीस.

एकूण एक हजार नऊशे अडतीस. बहात्तर पौंड शिल्लक. म्हणजे बसतं. उगाच घाबरवलं डेलमरनं. आमचा कुत्रा गस चौसष्ट पौंडांचा. तोही बसतो. वर आठ पौंड राहतात, त्यात कॉफीचा डबा आणि पाने-पकडी.

२ जून, ५.२०

आर्डिथ.

३ जून

तिला वजन विचारलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पहिल्यांदाच विचारलं. तिनं पुसत असलेलं भांडं खाली ठेवलं आणि आकडा सांगितला. एकशे एक्कावन्न. म्हणजे एकोणऐंशी जास्त होतात, तेही गस घरी ठेवून.

४ जून

उपाय क्रमांक एक: मी एकोणऐंशी पौंड कमी करायचे. दहा तारखेपर्यंत सहा दिवस. दिवसाला तेरा आणि थोडं. आजपासून फक्त उकडलेली अंडी.

५ जून

चर्चच्या जेवणाला आयरीन हिनरिक्सनं रुबार्बचा गोड ‘पाय’ भाजून आणला होता. नाही म्हटलं तर तिला वाईट वाटलं असतं. तिचा नवरा मागच्याच वर्षी गेला. दोन तुकडे.

६ जून

आर्डिथनं विचारलं, टाकी का काढत नाहीस? मी समजावलं की, टाकी बोल्टनं कसलेली आहे, काढायला शोरूमची पुढची वेळ बावीस जूनची. मग जनरेटर काढ, आणि टाकी निदान रिकामी कर, म्हणाली. डिझेल ओतून देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. आणि वायोमिंग आहेच.

मी उपाय क्रमांक दोन मांडला: तू विमानानं ये. मी ट्रक-ट्रेलर घेऊन आधी पोचतो, तुला विमानतळावर घ्यायला येतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लिहून ठेवतो, कारण मला त्याचं कारण लगेच कळलं नाही. म्हणाली, पडदे मी शिवले, नकाशावर रेघा मी मारल्या, आणि समुद्राकडे जाणार तू आणि साठ गॅलन डिझेल?

मी म्हटलं, आकड्यांपुढे माझा इलाज नाही.

७ जून

माझा हिशोबाचा कागद फ्रिजवरून दिसेनासा झालाय.

८ जून

कागद सापडला. तिच्याकडे होता. तिनं पेन्सिलीनं त्यावर एक रेघ मारली होती, दोनशे अठ्ठेचाळीसवर. खाली लिहिलं होतं एकशे एक्कावन्न. बेरीज बरोबर आहे. मी दोनदा तपासली. टाकी, जनरेटर, गस, सगळं बसून वर शंभराहून जास्त पौंड उरतात.

म्हणाली, कागद तुझाच आहे. तू विमानानं ये, मी विमानतळावर घ्यायला येते.

मी हसलो. आर्डिथ थट्टा चांगली करते.

९ जून

थट्टा नसावी. ट्रेलरमध्ये भांडी भरली. मी तिला ट्रेलर ओढण्याची जबाबदारी, वारा, उतार, ब्रेक यांवर तासभर माहिती दिली. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, माझ्या बापाच्या शेतावर नऊ वर्षांची असल्यापासून मी गवताच्या गाड्या ओढत होते, एकामागे एक दोन जोडून. तू कधी विचारलंस का? मी तिला बघायला आलो होतो तेव्हा ती ट्रॅक्टरवर होती, हे आता आठवतं. मला वाटलं होतं, फोटोसाठी बसलीय.

विमानाचा विषय तिनं पुन्हा काढला. मी स्पष्ट सांगितलं, स्वतःच्या ट्रकला भेटायला विमानानं जाणारा माणूस मी नव्हे. शेवटच्या क्षणी ती राहील. मी तिला ओळखतो. दहा मैलांवरून परत येईल.

१० जून, सकाळी ६.१०

गेली. हात स्टिअरिंगच्या तळाशी. ट्रेलर आधी मागे घेऊन, मग वळवून, मेपलचं झाड आणि पुन्हा लावलेली पत्रपेटी यांच्या मधून एका दमात बाहेर. दोन्ही बाजूंना हातभर जागा होती. आर्लो कुंपणाशी टोपी काढून उभा राहिला. मी पडद्याआडून बघितलं. गस पुढच्या सीटवर होता. सीट गार होते ना, त्याला आवडते.

१० जून, दुपार

परत आली नाही. रस्त्यावर काम चालू असेल.

१२ जून

नेब्रास्का ओलांडलं. डेलमरला म्हणे वाटेतून फोन केला होता, ब्रेकबद्दल विचारायला. डेलमरला. मी घरीच होतो.

१३ जून

वायोमिंगहून फोन. म्हणाली, पंप आहेत. टाकीला हात लावावा लागला नाही.

१६ जून, दुपारी

पोचली. ट्वायलाच्या गल्लीत ट्रेलर पहिल्याच झटक्यात मागे घेतला. मी टायर विचारले, ऑइल विचारलं, मायलेज विचारलं. सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हणाली, थांब हं. नुसतीच घरघर ऐकू यायला लागली. मी म्हटलं, लाइन खराब आहे. ती म्हणाली, समुद्र आहे तो.

मी ऐकला. कसा आहे विचारलं. म्हणाली, मोठा आहे. मग म्हणाली, चाळीस वर्षं मी धरून चालले होते की, पहिल्यांदा बघताना तू शेजारी उभा असशील. रागावून नाही म्हणाली.

मला तिथे असायचं होतं. हे फोनवर बोललो नाही. इथे लिहितो, कारण ते खरं आहे.

१६ जून, संध्याकाळी

तिकीट काढलं. परवा सकाळी, डेन्व्हरला बदलून. विमानाच्या मधल्या रांगेत मधली सीट, दुसरी उरली नव्हती. आर्डिथला कळवलं. घ्यायला येते म्हणाली, लाल ट्रक आहे, लांबून दिसेल. विमान कंपनीच्या मुलीनं फोनवर सांगितलं की, बॅग पन्नास पौंडांच्या आत हवी. माझं वजन कोणी विचारलं नाही.