मोडलेला कान

आप्पा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज भर दुपारी कानाच्या डॉक्टरांकडं बसून मी तुमच्यावर दातओठ खात होतो. शेजारी तुमची नात होती. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. सोळा वर्षांची आहे, खांद्यानं रुंद आहे, आणि तिचा डावा कान सुजून भज्यासारखा झाला होता. सकाळी वेणी घालताना तो तिच्या आईला दिसला. दाराला आपटला, असं पोरीनं मला सांगितलं. ज्याचा स्वतःचा डावा कान दहावीपासून मोडलेला आहे, त्याला सांगितलं.

कुरुंदवाडच्या घाटावरून उड्या टाकत मी पोहायला शिकलो, हे तुम्हाला माहीत होतं. आठवीत जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला आलो, हेही माहीत होतं. शाळेचे खेळाचे सर सायकल मारत आपल्या गोठ्यापर्यंत आले. तुम्ही म्हशीची धार काढताय, मी वैरण टाकतोय. सर म्हणतात, याला कोल्हापुरात ठेवा, पोरगं पोहण्यात लांब जाईल. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सर, पवायला म्हशीलाबी येतंय की. त्येला काय शिकवायचं?" सर हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याचा मला अजून राग येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही मला तालमीत नेऊन वस्तादांपुढं उभं केलंत. त्यांनी माझ्या मांड्या दाबून बघितल्या आणि तुमच्याकडं बघून मान हलवली. मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. आपल्याकडं पोरगं अंगानं भरलं की सगळ्या गावाला ते लाल मातीतच दिसायला लागतं, आणि तुम्ही तर गावाच्याही पुढं होता.

दहावीत सराव करताना जोडीदाराच्या डोक्याखाली माझा कान रगडला गेला आणि आत रक्त साकळलं. ते वेळेवर सुईनं काढलं तर कान पहिल्यासारखा होतो. नाही काढलं तर तिथंच घट्ट होतं आणि कान जन्मभर तसा राहतो. आई चुलीपुढं शेकायला फडकं गरम करतेय आणि परत परत म्हणतेय, "अवो, डाक्टरकडं न्या की त्येला. परीक्षा हाय त्येची." तुम्ही माझा कान दोन बोटांत धरून दाबलात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "रगात काडायचं न्हाय," तुम्ही म्हणालात. "आता कुटं पैलवान दिसाय लागलाय." मग तालमीतल्या मारुतीपुढं नारळ फोडलात आणि पेढे वाटलेत. पोहण्यात पहिला आलो तेव्हा घरात साखरसुद्धा वाटली नव्हती.

त्या कानाचं मी काय करायचं होतं, आप्पा? मी एकही नाव घेण्यासारखी कुस्ती मारली नाही. पंचविशीच्या आत गुडघा गेला, तालीम सुटली, कान तेवढा राहिला. दूध संघाच्या ऑफिसात येणारा प्रत्येक नवा माणूस आधी कानाकडं बघतो आणि मला पैलवान म्हणून हाक मारतो. मी ओ देतो.

म्हणून मी पोरीला पाण्यात घातलं. सहाव्या वर्षापासून रोज पहाटे तिला गाडीवर बसवून पोहण्याच्या तलावावर नेलं. गेल्या वर्षी तिनं राज्याचं पदक आणलं, गल्लीत कुणाला पत्ता नाही. त्याच महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या एका पोरीनं जत्रेत एक कुस्ती मारली, तर चौकात तिच्या फोटोचा डिजिटल फलक लागला, हलगी वाजली, बायकांनी तिला ओवाळलं. माझी पोरगी गर्दीत टाचा उंच करून ते बघत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. गेले चार महिने संध्याकाळी ती व्यायामाला म्हणून जायची, ती मुलींच्या तालमीत जात होती, हे आज कळलं.

डॉक्टर म्हणाले, आजच काढू, उद्यापर्यंत घट्ट होईल. तिनं कानावर हात ठेवला. "न्हाय काढायचं. ऱ्हाऊ दे तसाच." माझा आवाज चढला. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावायला लागले. दहा वर्षं पोहतेस ते काय उगीच, असं मी म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "मला विचारलं हुतं काय पाण्यात घालताना? आणि तलावावर कोण असतंय बघायला, पप्पा? तुमीच एकटं, टॉवेल घिऊन." डॉक्टर चष्मा पुसत राहिले. मी फॉर्मवर सही करत, मान वर न करता, तिला गप बस म्हणालो.

रक्त काढलं, पट्टी बांधली. पोरगी बोलत नाही. सोमवारपासून तलावावर येणार नाही, असा तिच्या आईकडून निरोप आलाय. तालमीत जाऊ द्यायचं की नाही, मला ठरवता येत नाही. सगळा राग तुमच्यावर काढावा म्हणून हे लिहायला बसलो, आणि हे पाकिटात घालायचं नाही हे पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र घरात कुणाला सांगितलेली नाही. नर्स भुलीची सुई भरत होती तेव्हा मी पोरीला खिडकीकडं वळवलं आणि त्या सुजलेल्या कानाचा मोबाईलवर फोटो काढला. डॉक्टरांना लागेल, असं तिला सांगितलं. डॉक्टरांनी मागितला नव्हता. तुम्ही असता तर मी तिथूनच गाडीला किक मारून तुम्हाला दाखवायला आलो असतो.