देवाच्या नावातला 'क'

प्रिय एपे,

तुझा निरोप ऐकला. इतके हुंदके देत बोललीस की दोनदा लावावा लागला. तू विचारलंस त्याचं उत्तर देणारच आहे, पण माझ्या पद्धतीने आणि कागदावर. फोनवर लिहिलं असतं तर ते आणखी दहाजणींना दाखवल्याशिवाय तुला झोप आली नसती. पाद्रीबाई सोमवारी ऑकलंडला लेकीकडे निघाल्यात, त्यांच्या पिशवीतून हे येईल.

इकडे सगळं ठीक. अळकुड्या यंदा चांगल्या पोसल्यात, डुकरीण व्यायली. आणि हो, चर्चच्या मागे टॉवर उभा राहिला. तू आली होतीस तेव्हा रेंजसाठी फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत जायचीस ना, आता मळ्यात चिखलात उभं राहूनसुद्धा फोन वाजतो. तुझं बेट सुधारलं गं, खूश हो.

माझ्या लितियाचं तू कधी नीट विचारलं नाहीस, तरी सांगते. पोर वाढतेय, खाते, शाळेत जाते. बोलत नव्हती. गेल्या पांढऱ्या रविवारपासून एक शब्द नव्हता. आपियाच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "आवाज शाबूत आहे, बाई." शाबूत असलेला आवाज घेऊन आम्ही बोटीने परत आलो. तिला भूक लागली की ती माझ्यासमोर त्याच चटईवर बसून मला मेसेज पाठवायची. इंग्रजीत. आपल्या भाषेत लिहायलाही तिला भीती वाटायची. मध्यंतरी तू शहाणपणा शिकवलास, "पेनिना, फोन काढून घे तिच्याकडून." कसा काढून घेणार? तिचं तोंड तेवढंच उरलं होतं.

आपल्या वेळी पांढऱ्या रविवारी पोरं चर्चमध्ये बायबलची वचनं म्हणणार म्हणून आधी महिनाभर घराघरांतून ती ऐकू यायची, आठवतं? आपण ओरडून पाठ करायचो आणि आई दारात नारळाच्या हिरांचा झाडू घेऊन बसायची. घरात, मळ्यात, भांडणात 'त'च्या जागी 'क' बोला, कुणाची हरकत नाही. माणूस घरात 'कांगाका', चर्चमध्ये मात्र 'तांगाता'. वचनात एक 'क' निसटला की पोटरीवर सपकन बसायचा. आणि देवाला तर घरातसुद्धा कुणी 'क' लावत नाही. 'आतुआ' तो आतुआच. त्या झाडूचे वळ माझ्या पायावर होते, पण चर्चमध्ये माझं कधी हसं झालं नाही.

लितियाच्या वेळी तुला पुळका आला. "तू दिवसभर मळ्यात असतेस, मी शिकवते, फोनवर पाठवते." पाठवलंस तू. तुझं लहानपणीचं वचन, भांडी घासता घासता, नळाच्या आवाजात, घरच्या बोलीत म्हणून पाठवलंस. सगळे 'त' त्या बेसिनमध्ये वाहून गेले. पोर कानात फोनची बोंडं घालून ऐकायची आणि मनातल्या मनात घोकायची. शाळेत सगळं इंग्रजीत, टॅबलेटवर. आपलं बायबल तिला धड वाचता येत नाही. मी म्हणायचे, किती गुणी, आवाज नाही की गडबड नाही! घरात कुणाला ऐकू आलं असतं तर कुणीतरी टोकलं असतं. कुणाला ऐकूच आलं नाही.

मग ती पांढऱ्या फ्रॉकमध्ये उभी राहिली, नऊ वर्षांची, आणि ठसक्यात, एका दमात सगळं वचन 'क'मध्ये म्हणून गेली. शेवटी देवाला 'आकुआ' केलं. चर्च फुटलं हसून. मीही हसले असते कदाचित, दुसऱ्याची पोर असती तर. तू पहिल्या बाकावर फोन धरून होतीस. तो व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिलाय की मला पाठ आहे. त्यात सगळ्यात मोठं हसू तुझं आहे. त्या दिवशी आधी पोरांची पानं वाढतात. तिच्यासाठी मी कोंबडी राखली होती. ती मच्छरदाणीत शिरून बसली, आणि तू धक्क्यावर जाऊन व्हिडिओ टाकून आलीस. "अगं, सगळ्यांना इतकी गोड वाटतेय!" म्हणालीस.

गोड पोरीचं तोंड उघडं ठेवून लोकांनी स्टिकर केला, खाली 'आकुआ'. ब्रिस्बेनमधल्या, होनोलुलूमधल्या लोकांनी एकमेकांना पाठवला. पालकांच्या ग्रुपवर तिच्याच बाईंनी सहलीच्या निरोपाखाली चिकटवला. पोरं शाळेच्या फाटकाशी तिला गाठून म्हणायची, "ए आकुआ, प्रार्थना म्हण की!" मी तुला हात जोडून काढून टाक म्हटलं. तू काढलास. तोवर तो तुझा राहिला नव्हता.

आता तुझं उत्तर. तुझ्या जोर्डानाला शाळेच्या संडासात कोंडून मैत्रिणींनी वरून व्हिडिओ काढला, तो सगळीकडे गेला, आता ती खोलीबाहेर येत नाही, तिला दोन महिने इथे ठेवून घे म्हणतेस. "तिथे कुणाला माहीत नाही, तिथे शांत आहे." एपे, तो व्हिडिओ मंगळवारीच इथे आला. मी चुलीपाशी नारळ खवत होते आणि आतून लितियाचं हसणं ऐकू आलं. खळखळून, मोठ्याने! वर्षात पहिल्यांदा! मी खोबऱ्याच्या हातांनी धावले, पोरीला मिठी मारून रडले, आणि मग तिच्या हातातला फोन पाहिला. त्यात तुझी जोर्डाना दार बडवत होती. लितियाने तोंड उघडलं आणि हुबेहूब तिच्या आवाजात म्हणाली, "उघडा ना गं, प्लीज, उघडा ना." माझ्या लेकीचे हे पहिले शब्द. तेव्हापासून ती बोलतेय. आधी तेवढंच, मग सगळं. संध्याकाळी पोरं अंगणात जमतात, तिला तेच करून दाखवायला सांगतात, आणि ती करते. टाळ्या पडतात. तिची भूक वाढलीय. जोर्डाना माझी भाची आहे, तिला मी न्हाऊ घातलंय, तिच्यासाठी माझं काळीज तुटतं. तरी तिला इथे पाठवू नकोस. आली तर लितिया तिच्या तोंडावर तेच करून दाखवेल, आणि माझ्या लेकीला "गप्प बस" म्हणायची माझी हिंमत नाही.

तुझीच,
पेनिना