जावयाची सही

ती. बाबा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहीन लिहीन म्हणत होते. आज बसलेच, कारण इन्शुरन्स कंपनीकडून होकार आला. तुमच्या मृत्युपत्रावरून दादाशी भांडायला वकिलाचा खर्च ते देणार. आता ही बातमी सांगू कुणाला? घरात आहे कोण?

घराच्या इन्शुरन्सबरोबर लीगल कव्हर घ्यायचं, हा तुमचाच हट्ट. "अगं, शेजाऱ्याने कुंपण सरकवलं तर?" शेजारी बिचारे कुंपणाला हातही लावत नाहीत, बाबा. भांडण घरातच निघालं.

लंडनमधलं हे पिनरचं घर मला, बाकी सगळं दादाला, असं तुम्ही स्वच्छ लिहिलंत. मग साक्षीदार म्हणून समोरच्या बाईंना बोलवायला काय झालं होतं? पण नाही! घरातली गोष्ट परक्यांना कशाला? गणपतीची आरती झाली, तुमचे एक मित्र होतेच, आणि जावयाचा मान म्हणून पेन आधी मिलिंदच्या हातात दिलंत. मीही कौतुकाने बघत बसले.

इथल्या कायद्याला मानपान कळत नाही. जिला घर द्यायचं, तिच्याच नवऱ्याने साक्षीदाराची सही केली की तिला काही मिळत नाही. घर बाकीच्या इस्टेटीत गेलं, म्हणजे दादाकडे. आणि जावई तरी जावई कुठे राहिला? वर्षभरात घटस्फोट झाला. माणूस गेला, सही तेवढी राहिली.

दादा म्हणाला, "हे बघ सुमे, लॉ इज लॉ. मी काय करू?" त्यानंतर त्याचा फोन नाही. माझाही नाही.

आम्हा दोघांना समोर बसवून एकदा सांगायचं होतंत ना! कार्डिफला डॉक्टर होतात तेव्हा सगळ्या पेशंटांना समजावत बसायचात, आम्हालाच तेवढं नाही.

वकीलबाई म्हणतात, ती सही पुसता येणार नाही. पण मी शेवटपर्यंत तुमच्याजवळ, तुमच्या आधारावर राहिले, म्हणून इस्टेटीतला वाटा कोर्टाकडे मागता येईल आणि जिंकण्यासारखं आहे. तेवढ्यावर कंपनी तयार झाली. अट एकच. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आम्हाला विचारल्याशिवाय समोरच्या पार्टीशी या विषयावर बोलायचं नाही."

समोरची पार्टी म्हणजे आपला दादा! आई गेल्यावर, तुमची हॉस्पिटलची ड्यूटी असली की मला बीन्स-टोस्ट करून द्यायचा आणि घरची चव यावी म्हणून वर गोडा मसाला भुरभुरायचा, तो. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. फार एकटं वाटतं हो, बाबा.

कंपनीला मी अजून हो कळवलेलं नाही. तुम्हाला शब्द देते, शनिवारी गाडी काढून मिल्टन कीन्सला जाईन. वकील नाही, कंपनी नाही. दादाला तोंडावर विचारीन, "बाबांच्या मनात काय होतं, तुला माहीत आहे ना?" नाही म्हणाला तर लढेन, तेव्हा मला अडवू नका. पण विचारल्याशिवाय लढणार नाही. घर काय, भाड्यानेही मिळेल. मी 'बाबा' म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांसमोर तुम्हीच याल, असं या देशात दादाशिवाय मला दुसरं कोण उरलंय?

तुमचीच,
सुमी