दसऱ्याची फायनल आणि आईचं बंद दार

इंदिरा नगर, लखनौ

ती. माणिकआत्यास,

सुबोधचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे सांगलीच्या हवेत जरा बरे असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही ठीक आहोत. आईच्या खोलीचं दार मात्र बाबा गेल्यापासून बहुतेक बंदच असतं.

तू सांगितलंस, वर्षभर घरात सण नाही. त्याप्रमाणे दसऱ्याला तोरण नाही, श्रीखंड नाही, आपट्याची पानंही नाहीत. पण त्याच दिवशी भारताची फायनल होती आणि त्याबद्दल तू काहीच सांगितलं नव्हतंस. (बाबा असताना हा प्रश्न नव्हता. सुट्टीची मॅच म्हणजे अर्धी गल्ली आपल्या हॉलमध्ये, आणि आपल्याला विकेट मिळाली की जो जिथे असेल त्याने तिथून हलायचं नाही. शेजारच्या जयसिंगांनी एकदा अख्खा डाव चपलांच्या स्टँडवर काढला होता.)

मी टीव्ही बंद ठेवायचं ठरवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे नाहीसे झाले. निनाद बाथरूममध्ये, तुझी सूनबाई पूर्वा गच्चीवर वाळलेले कपडे आणायला (त्या दिवशी आमच्याकडे कपडे धुतलेच नव्हते) आणि मी स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवून. आवाज बंद. आईला कळू नये, एवढंच. अडचण अशी की हल्ली प्रत्येकाच्या मोबाईलवर बॉल वेगळ्या वेळी पडतो. शेवटच्या ओव्हरला आधी जयसिंगांच्या घरातून "अरे यार!" ऐकू आलं, मग बाथरूममध्ये बादली पडली, मग गच्चीवरून पूर्वाचं "अगं बाई", आणि माझा बॉलर अजून धावतच होता. वाईट झालंय हे कळूनही ते दिसायची वाट बघत उभं राहायचं. (दवाखान्यात बाबांच्या खोलीबाहेर मी हेच करत होतो.)

तेवढ्यात आईचं दार उघडलं. निनाद घाईने बाहेर आला, कोरडा ठणठणीत. म्हणाला, "दादी, मैं तो नहा रहा था."

"कपड्यांसकट? टीव्ही लाव मेल्या."

उरलेले दोन बॉल आम्ही हॉलमध्ये उभ्यानेच पाहिले. (जयसिंगांचा आवाज आधी पोचू नये म्हणून पूर्वाने खिडक्या लावून घेतल्या.) भारत जिंकला. आई ओरडली, तिने टाळ्याही वाजवल्या. मग हात तसेच जोडलेले राहिले. "वन्सं काय म्हणतील," एवढंच बोलली आणि आत गेली. तेव्हापासून तिचं ताटही आत न्यावं लागतं.

टीव्ही मीच लावला असं समज. रागवायचं ते मला रागव.

तुझा,
सुबोध

ता. क. रविवारी पुन्हा मॅच आहे. सकाळी आईला फोन करून "वहिनी, आज मॅच लावा" एवढं म्हणशील का? माझं नाव नको. ती दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही.

ता. क. २. "मला मेलीला क्रिकेटमधलं काय कळतंय" असं मात्र म्हणू नकोस. बाबांच्या तेराव्याला तू जिन्यात जयसिंगांना "भैया, स्कोर क्या हुआ?" असं विचारत होतीस. मी वरच्या पायरीवर होतो. तेच विचारायला खाली येत होतो.