दुपारच्या पाळीतला फोन

३ फेब्रुवारी
प्रशिक्षण संपलं एकदाचं. आजपासून हेल्पलाइनवर दुपारची पाळी. एचआयव्हीबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे अशा थाटात मी तिथे शिकायला गेले होते आणि पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले. डास चावून होतो का, याला मी 'सांगता येत नाही' असं उत्तर दिलं होतं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सांगता येतं. नाही होत." असुरक्षित संबंध, दूषित रक्त, वापरलेली सुई आणि उपचार नसतील तर आईकडून बाळाला. एवढंच. आणि मी इतकी वर्षं कशाकशाला घाबरत आले!
खोलीत एक टेबल, एक फोन, काळ्या काचेची खिडकी. समोरच्याचं नाव विचारायचं नाही, आपलं सांगायचं नाही. मी आवाजही जरा जाड करून बोलते. उगाच रुबाब.

५ फेब्रुवारी
जेवताना घरच्यांचा वर्ग घेतला. नणंद केस कापायला शिकतेय, तिला पातं दरवेळी नवंच घ्यायचं म्हणून बजावलं. सासूबाई म्हणाल्या, "जेवताना कसले विषय काढतेस?" मी म्हटलं, "तो काही चहाच्या कपातून उडी मारत नाही." नणंदेला हसताना ठसका लागला. नवरा तिला पाणी आणायला उठला तो बराच वेळ परत आलाच नाही. पाणी शेवटी मीच दिलं.

६ फेब्रुवारी
एक विचित्र फोन. तोंडावर कापड धरल्यासारखी कुजबुज — बाई की पुरुष, कळेना. "ओळखीत एकजण आहे." सगळे अशीच सुरुवात करतात. मग म्हणे, "चहाच्या कपातून उडी मारत नाही, हे खरं ना?"
हे माझं वाक्य. कालचं, माझ्या ताटावरचं!
असेल. लोक म्हणतही असतील तसं.

७ फेब्रुवारी
कुणी म्हणत नाही तसं. चार जणांना विचारून झालं.

१० फेब्रुवारी
पुन्हा तीच कुजबुज. "औषध घेतलं तर जगतो का माणूस?" मी सांगितलं, वेळेवर सुरू केलं, रोज न चुकता घेतलं, तर तुमच्याआमच्याइतका जगतो. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की संबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही. "पण तो गोळ्यांना हातच लावत नाही. म्हणतो, घरात गोळ्या दिसल्या की सगळं संपलं." मी विचारलं, घरच्यांना कुणी सांगितलंय का?
उत्तराऐवजी पलीकडून — फुर्रर्र.
आमचा फ्रिज. बंद होताना घोड्यासारखा फुरफुरतो. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले त्याच्यापुढे. तो आवाज मी हजार फ्रिजांत ओळखेन.
मला माझ्याच घरातून फोन येतोय.

११ फेब्रुवारी
मॅडमना विचारलं, आवाज ओळखीचा वाटला तर? "ओळखायचा नाही," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला बोलायला एकच जागा उरलेली असते. आपण ओळखलं की तीही जाते."
म्हणजे घरातलं कुणीतरी औषधाविना आत आत खंगतंय आणि मी गप्प बसायचं.

१३ फेब्रुवारी
गप्प बसवेना. तर उलटं केलं — घरी सारखी बोलत सुटलेय. चादरी वाळत घालताना बोलते, भांडी घासताना बोलते. एकत्र जेवून होत नाही. मिठी मारून होत नाही. मटार सोलताना म्हटलं, गोळ्या घेणारा माणूस काही काचेचा नसतो. सगळे हूं हूं करतात. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझंच बोलणं माझ्या कानात परत येतं, प्रश्न होऊन, दबक्या आवाजात. घरातल्या भिंती मला फोन करताहेत असं वाटायला लागलंय. काल फोन वाजला आणि मी दचकून चहा सांडला.

१५ फेब्रुवारी
नणंदच असणार. हल्ली अबोल झालीय, फोन घेऊन गच्चीवर जाते. आज तिला गाठलं. म्हटलं, "काही असलं तरी मी तुझ्या बाजूची आहे. तपासणीला मी सोबत येईन." ती बघतच राहिली. "वहिनी, मैत्रिणीशी भांडण झालंय माझं! एवढंच. तुझ्या डोक्यात काय ते चोवीस तास?" आणि दुपारी ती घरी नसतेच, तिचा वर्ग असतो. हे मला आधी सुचू नये!
नवरा लिफ्टच्या दुरुस्त्या करत गावभर फिरतो. दुपारी घरात उरतं कोण?
सासूबाई.

१६ फेब्रुवारी
त्यांच्याकडे बघवत नाही. मागे त्यांचं मोठं ऑपरेशन झालं होतं, रक्त चढवलं होतं. त्यातून? आणि 'तो', 'तो' म्हणत किती दिवस माझ्याशी बोलल्या बिचाऱ्या. मी आज मुद्दाम त्यांच्या पेल्यातलं पाणी प्यायले. त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "तू गुणाची आहेस गं." आणि आत निघून गेल्या. मला रडू आलं.

१८ फेब्रुवारी
दुपारच्या फोनवर आज नुसता श्वास. मी म्हटलं, औषध सुरू करायला सांगा, उशीर करू नका. पलीकडून फोन ठेवला गेला.
संध्याकाळी नवऱ्याला सांगून टाकलं, की आईंना बहुतेक एचआयव्ही आहे, त्यांना आपण सांभाळायचं. तो बूट काढत होता. एक बूट हातात घेऊन तसाच बसला. चेहरा राखेसारखा. शेवटी म्हणाला, "आईला काही विचारू नकोस." किती जीव आहे त्याचा आईवर!

१९ फेब्रुवारी
आज कापड नव्हतं. कुजबुजही नाही. सरळ सासूबाईंचा आवाज.
"पहिल्या दिवसापासून ओळखते मी तुला. मला काही नाही झालेलं गं. त्याला आहे. घरी तुझ्यासमोर बसलं की माझं तोंड उघडत नाही, म्हणून इथे सांगते. तू आधी स्वतःची तपासणी करून घे."
फोन समोरच्याने ठेवायचा, आपण आधी ठेवायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. त्या ठेवत नव्हत्या.